पीएचची बाटली की उघडी खिडकी?

“टँकचा पीएच ७.८ च्या वर जातच नाही. काय घालू?” घरात खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा टँक मांडणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी कधी ना कधी हा प्रश्न येतो. दुकानदाराकडे त्याचं उत्तर तयार असतं: पीएच वाढवणारी बाटली. बाटली घातली की त्या संध्याकाळी आकडा चढतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली येतो, मग आणखी एक टोपण. महिन्याभरात बाटली संपते, हीटरवर पांढरं कीट चढतं आणि पीएच होता तिथेच असतो. या प्रकरणाचं म्हणणं असं, की बंगळुरूसारख्या शहरातल्या फ्लॅटमध्ये पीएच खाली राहिला, तर दहातल्या बहुतेक वेळा पाण्यात काही कमी पडलेलं नसतं. घरातल्या हवेत काहीतरी जास्त झालेलं असतं. तेव्हा उपायही आधी हवेवर व्हायला हवा. हे विधान वरवर पाहता चमत्कारिक वाटेल, म्हणून ते एकेक पायरी चढत पटवून घेऊ.

१. तीन दशांशांनी असं काय बिघडतं?

पीएच, शेतीच्या पुस्तकांत ज्याला सामू म्हणतात तो, पाणी आम्लाकडे झुकलंय की अल्कलीकडे हे सांगतो. १९०९ साली कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेनसन या रसायनशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी मांडली. पाण्यातले हायड्रोजन आयन मोजायचे, पण ते आकडे इतके लहान असतात की दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग लागते. ती टाळण्यासाठी त्याने लॉगरिदम वापरला. म्हणून या पट्टीवर एक घर खाली उतरलं की हायड्रोजन आयन दहापट होतात, आणि ०.३ ने उतरलं की दुप्पट. ८.१ आणि ७.८ हे आकडे शेजारी शेजारी दिसतात खरे, पण दुसऱ्या पाण्यात आम्लपणा पहिल्याच्या दुप्पट असतो. औद्योगिक क्रांतीपासून आजवर साऱ्या समुद्रांच्या वरच्या थराचा पीएच साधारण ८.२ वरून ८.१ वर आला, म्हणजे अवघा एक दशांश उतरला, आणि तेवढ्यानेच जगभरचे सागरशास्त्रज्ञ काळजीत आहेत. घरच्या टँकमध्ये तीन दशांशांची घसरण एका रात्रीत होऊ शकते.

प्रवाळाला याचं सोयरसुतक का असावं? प्रवाळाचा सांगाडा अरॅगोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रूपाचा. तो बांधण्यासाठी पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घ्यावं लागतं. पाणी आम्लाकडे झुकलं की कार्बोनेटचे आयन हायड्रोजनशी जोडले जाऊन बायकार्बोनेट होतात आणि मोकळं कार्बोनेट कमी उरतं. शिवाय प्रवाळाचा जीव आपल्या पेशी आणि सांगाडा यांमधल्या बारीक फटीतल्या द्रवाचा पीएच स्वतःच वाढवून तिथे सांगाडा जमवतो. त्यासाठी त्याला हायड्रोजन आयन बाहेर फेकावे लागतात, आणि बाहेरच्या पाण्यात ते आधीच जास्त असतील तर या कामाला अधिक शक्ती लागते. प्रवाळ लगेच मरत नाही. वाढ मंदावते, एवढंच.

२. काटा आणि दोन पारडी

समुद्राच्या पाण्याचा पीएच ठरवणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन. एक अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवून घेण्याची पाण्याची ताकद. ती बहुतांशी बायकार्बोनेट आणि कार्बोनेटमुळे येते. टँकवाले ती डीकेएच या जर्मन एककात मोजतात. नैसर्गिक समुद्रात ती सातच्या आसपास असते आणि घरच्या टँकमध्ये सात ते नऊ ठेवतात. दुसरी गोष्ट पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. तो पाण्याशी मिळून कार्बोनिक आम्ल होतो आणि पीएच खाली ओढतो.

वाण्याच्या जुन्या तराजूची रचना इथे उपयोगी पडते. एका पारड्यात अल्कलिनिटी, दुसऱ्यात कार्बन डायऑक्साइड, आणि वरचा काटा म्हणजे पीएच. काटा स्वतःचं असं काही करत नाही. दोन पारड्यांत जे पडेल त्याप्रमाणे तो कलतो. हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. अल्कलिनिटी तशीच ठेवून कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला, की पीएच साधारण ०.३ ने उतरतो. कार्बन डायऑक्साइड तसाच ठेवून अल्कलिनिटी दुप्पट केली, की जवळपास तेवढाच चढतो. सात डीकेएचचं खारं पाणी मोकळ्या हवेत चांगलं घुसळलं तर त्याचा पीएच ८.२ च्या आसपास स्थिरावतो. म्हणजे अल्कलिनिटी सात आणि पीएच ७.८ अशी जोडी दिसली, की दुसऱ्या पारड्यात मोकळ्या हवेच्या अडीच-तीनपट कार्बन डायऑक्साइड बसलाय हे बाटली न उघडताच कळतं.

इथे गोड्या पाण्याच्या टँकमधून आलेल्या मंडळींची एक समजूत दूर करायला हवी. तळाला प्रवाळाची वाळू किंवा शिंपले पसरले की पीएच आपोआप सांभाळला जातो, असं ते मानतात. गोड्या पाण्यात त्यात तथ्य आहे. पण समुद्राच्या पाण्यात अरॅगोनाइट आधीच त्याच्या विरघळण्याच्या मर्यादेपेक्षा तीन-चारपट भरलेलं असतं, त्यामुळे पीएच ८ च्या आसपास असताना ही वाळू विरघळतच नाही. ती दिसायला छान आणि जिवाणूंना राहायला उत्तम. पीएचच्या कामाची नाही.

३. दोष पाण्याचा नाही, उंचीचाही नाही

बंगळुरू समुद्रापासून लांब आहे. मंगळूरला जायचं तर साडेतीनशे किलोमीटरचा घाटरस्ता. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर, समुद्राशेजारीच सुरू झालं, तशी सोय या शहराला नाही. इथला समुद्र पिशवीतल्या मिठापासून घरीच कालवायचा. साहजिकच पीएच घसरला की पहिला संशय पाण्यावर जातो. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून आणि जवळजवळ अर्धा किलोमीटर उंची चढवून शहरात येतं. जिथे ते पुरत नाही तिथे बोअरवेल आणि टँकर. बोअरचं पाणी जड. त्यात काय काय आहे हे महिन्यागणिक बदलतं, आणि मार्च २०२४ मधल्या टंचाईत तर नळाला कुठलं पाणी आहे हे सोसायटीच्या सेक्रेटरीलाही सांगता आलं नसतं. पण आरओ आणि त्यापुढची, उरलेले क्षार शोषणारी डीआय नळी यांतून गेल्यावर टीडीएसचं, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं मीटर शून्य दाखवत असेल, तर कावेरी आणि बोअर यांत काही फरक उरत नाही. आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतो, ते फरशी पुसायला ठेवावं हे वेगळं. शून्य टीडीएसच्या पाण्यात चांगलं मीठ कालवलं की अल्कलिनिटी पाकिटावर लिहिल्याएवढी येते. पाणी या खटल्यातून सुटलं.

दुसरा आक्षेप थोडा अभ्यासू आहे: “बंगळुरू नऊशे मीटरवर आहे, हवा विरळ आहे, म्हणून पीएच कमी राहत असेल.” हिशेब करून पाहिला तर उलटंच निघतं. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे नऊ दशांश असतो. हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण सगळीकडे सारखंच, दहा लाखांत सुमारे ४२५ भाग. पण पाण्यात किती वायू शिरेल हे प्रमाणावर नाही, त्या वायूच्या दाबावर ठरतं. ४२५ चे नऊ दशांश म्हणजे ३८२. समुद्रकिनाऱ्यावरच्या हवेत एवढा दाब २००६ च्या सुमारास होता. म्हणजे बंगळुरूच्या गच्चीवरची हवा, प्रवाळाच्या दृष्टीने, किनाऱ्याच्या हवेपेक्षा जवळपास वीस वर्षांनी जुनी आहे, आणि त्यामुळे पीएच खाली न जाता ०.०४ ने वर जायला हवा. फायदा किरकोळच, पण फायदा. हीच विरळ हवा प्राणवायूच्या बाबतीत मात्र नडते: समुद्रसपाटीला २६ अंशांच्या खाऱ्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त ६.७ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मुरतो, इथे सहाच. वीज गेल्यावर त्याचा प्रत्यय येतो, त्याकडे शेवटी वळू.

४. दिवाणखान्यातली हवा

उरला संशयित कार्बन डायऑक्साइड. माशांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातून तो टँकमध्ये तयार होतोच, आणि दिवे लागलेले असताना शेवाळ व प्रवाळातले सूक्ष्म शैवाल तो वापरतात. म्हणून पीएच पहाटे, दिवे लागण्याआधी, सर्वांत खाली असतो आणि संध्याकाळी दिवे जाण्याच्या वेळी सर्वांत वर. दोन-तीन दशांशांची ही रोजची ये-जा स्वाभाविक आहे. सकाळचा आकडा पाहून घाबरणाऱ्याने संध्याकाळचाही पाहावा. पण जो टँक संध्याकाळीसुद्धा आठला शिवत नाही, त्याचं कारण टँकबाहेर शोधायला हवं.

एक खोली घेऊ. पाच मीटर लांब, चार रुंद, तीन उंच. साठ घनमीटर, म्हणजे साठ हजार लिटर हवा. शांत बसलेला माणूस तासाला अठरा-एक लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोन घरची आणि तीन पाहुणे धरले तर तासाला नव्वद लिटर. साठ हजारांत नव्वद म्हणजे दहा लाखांत पंधराशे. खोली पूर्ण बंद असती तर एका तासात ४२५ चा आकडा दोन हजारांच्या जवळ गेला असता. प्रत्यक्षात दाराच्या फटीतून काही हवा बदलते, म्हणून तो हजार-बाराशेवर थांबतो. आता त्याच फ्लॅटचं स्वयंपाकघर पाहा. नव्या इमारतींत ते दिवाणखान्यातच उघडतं, मध्ये भिंत नाही. गॅसच्या शेगडीचा एक मध्यम बर्नर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी जळून तीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो, तेव्हा दीडशे ग्रॅममधून साडेचारशे ग्रॅम, म्हणजे अडीचशे लिटर. डाळीचा कुकर चढला, की खोलीत डझनभर पाहुणे अदृश्यपणे येऊन बसल्यासारखाच तो हिशेब. चिमणी हवा बाहेर सोडणारी असेल तर ठीक. पण पुष्कळ घरांत नळी न काढता बसवलेली, हवा जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडणारी चिमणी असते. ती तेल अडवते, वास अडवते. कार्बन डायऑक्साइड तिच्यातून सरळ निघून जातो.

बंगळुरूच्या हवामानाची कीर्ती अशी, की इथे खिडक्या उघड्या असतील असं कुणालाही वाटावं. पण डासांमुळे संध्याकाळी सहाला खिडक्या बंद होतात, समोरच्या रस्त्याचं काम तीन वर्षं चाललेलं असतं म्हणून दिवसा बंद राहतात, आणि घरून नोकरी करणाऱ्याला मीटिंगमध्ये हॉर्न ऐकू जाऊ नयेत म्हणून उरलेल्या वेळीही. एअर कंडिशनर लागला तर विचारायलाच नको. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची एक घोटही आत घेत नाही. हजार भागांच्या खोलीत वरचा हिशेब लावला तर सात डीकेएचच्या टँकचा पीएच ७.९ वर येतो, दोन हजारांच्या खोलीत ७.६ वर. प्रदूषण आवरलं नाही तर या शतकाच्या अखेरीस साऱ्या पृथ्वीवर जी हवा असेल असे अंदाज आहेत, तीत आपला टँक आजच राहतोय.

हे केवळ कागदावरचं गणित नाही. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात बायोस्फिअर २ नावाची काचेची हवाबंद वसाहत उभारली होती. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसं दोन वर्षांसाठी तिच्यात आत गेली. आत शेत होतं, रान होतं आणि सुमारे २६ लाख लिटरचा प्रवाळांसह एक समुद्र होता. शेतातल्या सुपीक मातीतले जिवाणू इतका कार्बन डायऑक्साइड सोडत राहिले की आतल्या हवेतलं त्याचं प्रमाण बाहेरच्या कित्येक पट झालं. त्याचा बराच भाग इमारतीच्या काँक्रीटने शोषला तरीही. समुद्राचा पीएच टिकवण्यासाठी पाण्यात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट ओतावं लागलं. पुढे त्याच समुद्रात ख्रिस लँगडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाळांच्या बांधणीचा वेग मोजून २००० साली निष्कर्ष मांडले: पाण्यातलं मोकळं कार्बोनेट घटलं, तसतसा सांगाडा बांधण्याचा वेगही घटत गेला. बंद घर, आत माणसं, आत समुद्र. फ्लॅटमधल्या टँकची परिस्थिती आकाराखेरीज फारशी वेगळी नाही.

यावर अनुभवी टँकवाले एक आक्षेप घेतात, आणि तो वजनदार आहे: “माझा टँक चार वर्षं ७.८ वर आहे आणि प्रवाळ मजेत आहेत.” असे टँक आहेत. निसर्गातही पलाऊच्या रॉक आयलंड्समधल्या खाड्यांत पीएच बाहेरच्या समुद्रापेक्षा बराच कमी असून प्रवाळांची दाट वस्ती आहे. म्हणून ७.८ दिसला की धावपळ करावी, असं इथे कुणी म्हणत नाही. उलट ७.८ वर स्थिर असलेला टँक, रोज बाटलीने ८.४ वर नेऊन पुन्हा खाली आणलेल्या टँकपेक्षा केव्हाही बरा. मऊ प्रवाळ ठेवणाऱ्याने तर हे प्रकरण इथेच सोडलं तरी चालेल. कठीण सांगाड्याच्या, फांद्यांच्या प्रवाळांची वाढ हवी असेल तरच पुढचा खटाटोप. त्यातही एक गोष्ट आधी तपासून घ्यावी: मालवणच्या किंवा मन्नारच्या आखातातल्या समुद्रातलं दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. ते काढणं, विकणं आणि घरात ठेवणं तिन्ही गुन्हे आहेत. बाहेरदेशी पैदाशीच्या जातींनाही कागदपत्रं आणि नोंदणी लागते. दुकानदार “सगळं चालतं” म्हणाला तर दुकान बदलावं.

५. बाटली काय करते?

पीएच वाढवणाऱ्या बहुतेक बाटल्यांत सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, किंवा त्याचं आणि खाण्याच्या सोड्याचं मिश्रण असतं. नुसता खाण्याचा सोडा पीएच वाढवतही नाही. घातल्या घातल्या किंचित उतरवतोच. कार्बोनेट मात्र पाण्यातला कार्बन डायऑक्साइड लगेच गिळतं आणि काटा झटक्यात वर जातो. मग रात्रभरात खोलीतल्या हवेतून कार्बन डायऑक्साइड पुन्हा पाण्यात उतरतो, कारण हवा बदललेलीच नाही. सकाळी काटा जवळपास मूळ जागी. अल्कलिनिटीच्या पारड्यात घातलेलं वजन मात्र तिथेच राहिलेलं असतं.

समजा अल्कलिनिटी ७ वरून ८ वर नेली. वरच्या नियमाने पाहिलं तर कायमचा लाभ ०.०५ च्या आसपास. हजार भागांच्या खोलीत बसून ७.९ चा ८.२ करायचा तर अल्कलिनिटी दुप्पट, म्हणजे चौदा करावी लागेल. तिथवर पोचण्याआधीच कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून पाण्याबाहेर पडू लागतात आणि जिथे पाणी गरम, तिथे आधी बसतात: हीटरवर, पंपाच्या चुंबकावर. पंप अडकतो. पोषणद्रव्यं अगदी कमी ठेवलेल्या टँकमध्ये फांद्यांची टोकं पांढरी पडून जळतात. थोडक्यात, काट्याला बोट लावून माल वजनात भरल्याचं समाधान मिळतं, तेही एका संध्याकाळपुरतं.

६. आधी निदान: दोन ग्लास पाणी

उपायापूर्वी दोन गोष्टी तपासायच्या. पहिली मीटर. पीएचचा प्रोब वर्ष-दीड वर्षात म्हातारा होतो आणि आत्मविश्वासाने खोटं सांगतो. समुद्राच्या पाण्यासाठी तो ७ आणि १० च्या द्रावणांत जुळवून घ्यायचा. पुष्कळ संचांत ४ आणि ७ ची पुड्यांची जोडी येते, तिचा इथे उपयोग नाही. त्यात १० चं द्रावण उघडं राहिलं तर तेही हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली सरकतं, म्हणून पुडी दर वेळी नवी फोडावी. दुसरी गोष्ट अल्कलिनिटी. ती सात ते नऊमध्ये आहे ना, हे साध्या थेंब मोजण्याच्या किटने कळतं. ती पाच असेल तर दोष खरंच त्या पारड्यात आहे, आणि ती भरून काढणं हाच इलाज.

दोन्ही ठीक असतील तर टँकचं पाणी दोन मोठ्या ग्लासांत घ्यायचं. एक ग्लास बाल्कनीत ठेवून छोट्या एअर पंपाने तासभर बुडबुडे सोडायचे, दुसऱ्यात तेच टँकशेजारी, खोलीतच. बाल्कनीतला ८.२ च्या आसपास गेला आणि खोलीतला ७.८ वरच राहिला, तर खोलीची हवा दोषी. यापुढे वाद नको. दोन्ही वर गेले, तर खोलीची हवा ठीक आहे, टँकमध्ये पाणी पुरेसं घुसळलं जात नाही. पृष्ठभाग ढवळणारा पंप तिरपा करून पाहावा. कुठलाच हलला नाही तर प्रोब किंवा अल्कलिनिटीची चाचणी पुन्हा करावी. एवढी स्वस्त आणि निर्णायक चाचणी या छंदात दुसरी नाही, आणि तरी ती करण्याआधी लोक बाटली आणतात.

७. खिडकी, नळी, चुना

खोलीची हवा दोषी ठरली तर पहिला उपाय फुकट आहे. समोरासमोरच्या दोन खिडक्या वीतभर उघड्या ठेवाव्यात. एकच उघडून हवा खेळत नाही. डासांची जाळी हवा अडवत नाही. “बाहेर धूर आहे, ती हवा टँकला देऊ?” असं विचारलं जातं. वाहतुकीच्या धुराने शहरातला कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतो खरा, पण बंद दिवाणखान्यापुढे तो काहीच नाही. खरा धोका वेगळा: डास मारायला फिरणारी फॉगिंगची गाडी. तिच्या धुरातली पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशकं कोळंबी-खेकड्यांना आणि माशांना अत्यंत विषारी असतात. गल्लीत तो आवाज आला की खिडकी लावायची आणि हवा ओढणारी यंत्रं तासभर बंद करायची.

खिडकी उघडी ठेवणं जमत नसेल तर पाण्याला हवा कुठून मिळते तेवढंच बदलावं. टँकमध्ये सर्वांत जास्त हवा ओढतो तो प्रोटीन स्किमर. फेस करण्यासाठी तो तासाला शेकडो लिटर हवा पाण्यात मिसळतो. त्याच्या हवेच्या तोंडाला एक नळी लावून खिडकीच्या चौकटीतून बाहेर काढली, टोकाला कापसाचा किंवा स्पंजचा फिल्टर बसवला, की घरात कितीही पाहुणे आले तरी स्किमर गच्चीवरची हवा पितो. नळी फार लांब किंवा अरुंद नको, नाहीतर हवा कमी ओढली जाते आणि फेसच होत नाही. भाड्याच्या घरात भोक पाडायला मालक तयार नसेल तर सोडा लाइमच्या दाण्यांचा डबा त्या तोंडाला जोडता येतो. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याच्या यंत्रात रुग्णाचा कार्बन डायऑक्साइड शोषायला हेच दाणे वापरतात. पांढरे दाणे जांभळे झाले की संपले. ते वरचेवर बदलावे लागतात आणि खर्च चालूच राहतो, म्हणून हा उपाय नळीनंतरचा.

सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या जोडटाकीत, कीटोमॉर्फाचं गुंतवळ शेवाळ वाढवून, वरचे दिवे गेल्यावर त्यावर दिवा लावला, तर रात्रीची घसरण बरीच आवरते. उपाय चांगला, पण तो टँकमध्ये तयार होणाऱ्या वायूवर चालतो. खोलीत दोन हजार भाग असतील तर शेवाळ पुरं पडत नाही.

शेवटी चुना. चुन्याची निवळी टँकमध्ये घालण्याची रीत १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी युरोपात रूढ केली, आणि अजूनही तिच्याइतकी हुशार दुसरी रीत नाही, कारण ती दोन्ही पारड्यांवर एकदम काम करते. शुद्ध पाण्याच्या लिटरमध्ये दीड-पावणेदोन ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळतं, त्याहून जास्त नाही. गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी घ्यायचं. हायड्रॉक्साइड टँकमधला कार्बन डायऑक्साइड पकडून त्याचंच बायकार्बोनेट करतं, म्हणजे ज्याने पीएच पाडला त्यातूनच अल्कलिनिटी तयार होते. वर कॅल्शियमही मिळतं. दोनशे लिटरच्या टँकमधून दिवसाला दोन लिटर पाणी उडत असेल आणि ती भरपाई निवळीने केली, तर अल्कलिनिटीत १.१ डीकेएच भर पडते. प्रवाळ दिवसाला जेवढी वापरतात तेवढीच निवळी द्यायची, उरलेली भरपाई साध्या आरओ पाण्याने. पानाच्या ठेल्यावरचा चुना यासाठी वापरू नये. त्यात काय मिसळलंय ते कळायला मार्ग नाही. आणि भांड्याला झाकण हवं, नाहीतर निवळीवर पांढरी साय धरते: हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने आपलं काम टँकबाहेरच उरकलेलं असतं.

निवळीचा स्वतःचा पीएच १२.४. डोळ्यात उडाली तर इजा होते, आणि दोन लिटर एकदम ओतली तर टँकमधले जीव भाजतात. ती रात्रभर थेंबथेंब द्यायची, नेमकी पीएच उतरण्याच्या वेळी. भरपाईच्या पंपाचा फ्लोट अडकून सगळं भांडं एकदम रिकामं झालं, असं होतं. विशेषतः वीज जाऊन येण्याच्या धांदलीत. म्हणून निवळीचं भांडं एका दिवसाच्या गरजेपेक्षा मोठं ठेवूच नये. वीज गेलेली असताना मात्र पीएचची चिंता बाजूला ठेवायची: पाणी घुसळायचं थांबलं की कार्बन डायऑक्साइड साचतो आणि आकडा पडतो, पण त्याआधी प्राणवायू संपतो, आणि या उंचीवर तो मुळातच दहावा हिस्सा कमी असतो. इन्व्हर्टरवर एकच गोष्ट जोडता येत असेल तर ती पाणी हलवणारा पंप. हीटर आणि दिवे थांबू शकतात. निवळी जास्त पडून पीएच ८.६-८.७ वर गेलाच, तर दुकानातून प्यायचा साधा सोडा आणावा, मीठ-साखर-लिंबू नसलेला, आणि मीटरकडे पाहत थोडा थोडा, जोरदार प्रवाहाच्या जागी ओतावा. त्यातला कार्बन डायऑक्साइड हायड्रॉक्साइडला लगेच गाठतो. पाणी दुधाळ झालं असेल तर ते कॅल्शियम कार्बोनेट आहे. एक-दोन दिवसांत खाली बसतं, आणि तोवर अल्कलिनिटी मोजून पुढची निवळी थांबवायची.